इन्स्पेक्टरचा आवाज

त्याला सगळे डॉक्टर म्हणत. वास्तविक त्याचा आणि औषधांचा संबंध खोकल्याच्या बाटलीपलीकडे कधी गेला नाही. तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. कोर्टासमोरच्या गल्लीत, दोन दुकानांच्या फटीत दाबून बसवल्यासारखी त्याची खोली होती. आत एक टेबल, वर लोंबणारा दिवा, आणि फळ्यांवर ओळीने उघडी पडलेली यंत्रं: कुणाचा रूळ काढलेला, कुणाची रिबीन गुंतलेली, कुणाचा एकच एक दांडा वर जाऊन तिथेच रुसून बसलेला. कारकून मंडळी मशीन पोटाशी धरून यायची आणि दारातूनच म्हणायची, "डॉक्टर, पेशंट आणलाय." साहजिकच नव्या माणसाला वाटे, टाइपरायटरचा डॉक्टर म्हणून डॉक्टर. त्याच्या बायकोलाही तसंच वाटे. बेचाळीस वर्षं तिला तसंच वाटत होतं, आणि पुढेही वाटत राहावं म्हणून या गृहस्थाने काय काय उद्योग केले ते ऐकण्यासारखं आहे.

ते नाव पडलं एका पिक्चरवरून. पिक्चर खुनाचा. पाच मजल्यांची एक इमारत, तिला एक जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट, आणि दर अर्ध्या तासाला एक भाडेकरू कमी. प्रत्येक वेळी तिसऱ्या मजल्यावरचा सज्जन डॉक्टर बॅग घेऊन येतो, नाडी पाहतो, मान हलवतो आणि मयताच्या बायकोला हळुवारपणे विचारतो, "रात्री झोप लागते का तुम्हाला?" खुनी तोच. आता इथे सांगून टाकलं म्हणून रागावू नका. त्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

तेव्हा मात्र सांगायची सोय नव्हती. थिएटरच्या दाराशी हातभर उंचीची पाटी होती: 'खुनी कोण हे बाहेर सांगू नये. रांगेत तुमच्यामागे उभा असलेल्याचाही विचार करावा.' ही पाटी रंगवली होती डॉक्टरच्या जिवलग मित्राने, पेंटरने. आणि गंमत अशी की, ज्या गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते वास यायच्या आधी कळायचं, त्या गावाने ही एक गोष्ट पाळली. सासूने सुनेला सांगितलं नाही, न्हाव्याने गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. भांडणात लोक एकमेकांची सात पिढ्यांची कुंडली काढायचे, पण "थांब, तुला खुनीच सांगतो" एवढी धमकी दिली की समोरचा हात जोडायचा.

म्हणून तर तो पिक्चर म्हातारा झाला नाही. पहिल्यांदा जाणारा माणूस खुनी शोधत बसतो. दुसऱ्यांदा जाणारा बरोबर एक कोरा माणूस घेऊन जातो, आणि पडद्याकडे न बघता त्या कोऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघतो. कोरी माणसं जन्माला येतच राहतात. लेक मोठी झाली की बाप तिला घेऊन जातो, जावई आला की सासरा.

तर, पहिल्याच आठवड्यात पेंटर आणि आपला मेकॅनिक तो पिक्चर बघून बाहेर आले. पेंटर कोपऱ्यापर्यंत गप्प होता. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "एक सांगू? तो तोंड उघडतो तेव्हा तूच बोलतोयस असं वाटतं."

"कोण तो?"

"तोच. तिसरा मजला."

"गप रे."

"खरंच सांगतो. अंगावर काटा आला माझ्या. आजपासून तू डॉक्टर."

झालं. नाव चिकटलं. ज्यांनी पिक्चर पाहिला होता ते नावावर डोळे मिचकावायचे, ज्यांनी पाहिला नव्हता ते टाइपरायटरकडे बघायचे, आणि पाटीचा आब राखून अर्थ कुणी सांगायचं नाही.

इथपर्यंत बिघडलं काहीच नव्हतं. बिघडलं ते तिकिटाच्या खिडकीशी.

खिडकीत बसायची ती एक तरतरीत मुलगी होती. थिएटरचा मालक पक्का माणूस. त्याचा हुकूम असा की, खिडकीवर बसणारीने हा पिक्चर बघायचाच नाही. "जिला ठाऊकच नाही, तिच्या तोंडून निसटणार काय?" असा त्याचा हिशेब. मुलीने तो हुकूम व्रतासारखा घेतला. तिकीट फाडताना प्रत्येकाला बजावायची, "बाहेर येऊन कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही."

पण कान कसे बंद करणार? तिची खोली जिन्याखाली, आणि तिची मागची भिंत म्हणजे थिएटरची बाजूची भिंत. खेळ सुरू झाला की ती पुढच्या खेळाच्या तिकिटांवर तारखेचे शिक्के मारत बसे आणि भिंतीतून पिक्चर झिरपत येई. सगळा नाही. किंकाळ्या, बायकांचं रडणं, चिरके आवाज विटांमध्येच विरायचे. जाड, खालच्या पट्टीतला आवाज तेवढा पार यायचा. असा एकच आवाज होता. शांत, भारदस्त, आणि सारखा काहीतरी विचारणारा. शब्द कळायचे नाहीत, पण शेवटी वर गेलेला सूर कळायचा. खुनाच्या पिक्चरमध्ये सारखं विचारतं कोण? इन्स्पेक्टर. तिने मनात त्याला इन्स्पेक्टर करून टाकलं. दिवसातून तीन वेळा, महिनोन् महिने, तो आवाज ऐकला. आणि पोरगी त्या आवाजाच्या प्रेमात पडली, हे स्पष्टच लिहिलेलं बरं.

दुसऱ्यांदा पिक्चरला आलेला डॉक्टर खिडकीशी वाकून म्हणाला, "मागच्या रांगेतलं एक द्या. घाई नाही, सावकाश फाडा."

आतले हात थांबले. खिडकीचं भोक एवढंसं. तिला दिसत होती फक्त शर्टाची दोन बटणं. तिने मान वाकडी करून वर पाहिलं. "परत एकदा बोला," ती म्हणाली.

तो अकरा वेळा पिक्चरला आला. अकराव्या वेळेनंतर दोघं बागेतल्या बाकावर बसले होते. घरच्यांनी तिच्यासाठी बँकेतला एक मुलगा पाहून ठेवला होता, आणि आठ दिवसांत उत्तर द्यायचं होतं. ती बोलता बोलता म्हणाली, "खुनी कोण ते नका सांगू. एकच सांगा. आत जो इन्स्पेक्टर आहे ना, त्याचा आवाज अगदी तुमच्यासारखा आहे. हो की नाही? मी त्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवीन."

आता खरी स्थिती अशी होती की, पिक्चरमधला इन्स्पेक्टर म्हणजे किडकिडीत, सतत ओरडणारा, पिपाणीसारख्या आवाजाचा. त्याने भिंत ओलांडणं शक्यच नव्हतं. मग ही कुणाचा आवाज ऐकत होती, हे मेकॅनिकच्या ध्यानात यायला अर्धं मिनिट लागलं. पण समोर ती, तिच्यामागे बँकवाला, आणि मध्ये आठ दिवस.

"हो," तो म्हणाला. "थोडाफार."

एवढाच त्याचा गुन्हा. एक 'हो' आणि त्याला लावलेलं 'थोडाफार'.

लग्न झालं, संसार झाला, लेक झाली. बायकोने त्याला घरचा इन्स्पेक्टर नेमून टाकलं. शेजारणीची अंगठी सापडेना, तर ही म्हणायची, "यांना बोलवा. यांचा आवाज ऐकला की माणूस खोटं बोलत नाही." लेक शाळेतून उशिरा आली की आई ओरडायची नाही, नुसती म्हणायची, "अहो, जरा विचारा हिला." तो बिचारा विचारायचा, "कुठे होतीस?" आणि लेक घडाघडा सगळं ओकायची. बायको कृतार्थ नजरेने बघायची, आणि याला भाताचा घास गिळवायचा नाही.

ती सोडून जाईल अशी भीती त्याला कधीच नव्हती. भीती निराळीच होती. पिक्चरच्या शेवटी दिवा लागतो, आणि ज्या बाईची तो डॉक्टर इतके दिवस विचारपूस करत आला, ती त्याच्याकडे वळून बघते. बोलत काहीच नाही, नुसती बघते. तसं आपल्या बायकोने आपल्याकडे एकदा जरी बघितलं तर पुढे तिच्यासमोर तोंड उघडायचं कसं, ही ती भीती.

दुसरा एखादा पिक्चर असता तर चार वर्षांत मेला असता. हा मरेचना. पाच वर्षांनी परत लागला. डॉक्टरने बायकोला माहेरी नेलं आणि सासूबाईंकडे तीन आठवडे मुक्काम ठोकला. जावई एवढा प्रेमळ कसा झाला, या काळजीने सासूबाई वाळल्या. मग तो टीव्हीवर आला, रविवारी दुपारी. डॉक्टर गच्चीवर चढला, अँटेना आभाळाकडून जमिनीकडे वळवली, उतरताना पाय मुरगाळून घेतला. त्या गडबडीत शेजारच्या दोन अँटेना हलल्या, आणि अख्ख्या आळीला मुंग्या दिसल्या. मग कॅसेट आली. याने व्हिडिओ प्लेअर 'जरा साफ करतो' म्हणून उघडला तो आठ महिने मिटला नाही. मग सीडीची तबकडी आली. ती गच्चीत कबुतरं हाकलायला टांगली गेली. बायको म्हणायची, "आपल्या नशिबात तो पिक्चरच नाही." हा म्हणायचा, "नसेल." त्याच आवाजात.

मग तो फोनमध्ये आला. लेकीच्या फोनमध्ये, जावयाच्या फोनमध्ये. डॉक्टरने एकदा लेकीचा फोन हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला. त्याला एकही स्क्रू नव्हता. पण बायको नको म्हणाली. "एवढ्याशा काचेवर? इतकी वर्षं थांबले ते यासाठी नाही."

आणि यंदा लेक एका संध्याकाळी पेढे आणल्यासारखा चेहरा करून आली. पिक्चर धुऊनपुसून, आवाज स्वच्छ करून, पुन्हा थिएटरला लागला होता. "शनिवारी दुपारचा खेळ. तुम्हा दोघांची तिकिटं काढलीत. आई, आता तरी बघ."

"माझा गुडघा," डॉक्टर म्हणाला.

"कडेच्या खुर्च्या आहेत, बाबा. पाय सोडून बसा."

"शनिवारी एक मशीन द्यायचंय."

"बाबा, तुमच्याकडे सहा वर्षांत मशीन आलेलं नाही."

शुक्रवारी तो पेंटरकडे गेला. पेंटरचे हात आता थरथरत होते, ब्रश सुटला होता, जीभ मात्र शाबूत होती.

"सांगून टाक," पेंटर म्हणाला. "बेचाळीस वर्षं खुनी पोसलाय तिने, एका दिवसाने काय होतंय."

"तुला मजा वाटतेय."

"वाटणारच. एवढ्या वर्षांत माझं एकच चित्र टिकलं, ते म्हणजे तुझं नाव."

"तूच म्हणालास ना, तसाच आवाज आहे म्हणून?"

"म्हणालो असेन. तेव्हा मी रोज काहीतरी म्हणायचो."

त्या संध्याकाळी त्याने तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा बायको कपाटात डोकं घालून शाल शोधत होती. दुसऱ्यांदा फोन वाजला. तिसऱ्यांदा त्याने "ऐक ना, त्या पिक्चरमधला इन्स्पेक्टर" एवढं म्हटलं, आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "एक शब्द बोलायचा नाही. मी मालकाला शब्द दिलाय."

मालक वारून वीस वर्षं झाली होती.

शनिवारी ती तासभर आधी तयार होऊन बसली. थिएटर आता गुळगुळीत झालं होतं, जिन्याखालच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. तिने तिकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. खुर्चीत बसून चष्मा पुसला. 

दिवे गेले. इमारत दिसली. पहिला मुडदा पडला. शिट्टी वाजली, आणि तो किडकिडीत गृहस्थ पडद्यावर येऊन ओरडायला लागला.

"हा कोण?" तिने कुजबुजत विचारलं.

"इन्स्पेक्टर."

"हा?"

"हं."

 डॉक्टरने खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याला पडदा दिसत नव्हता, तो फक्त तिच्या तोंडाकडे बघत होता. मग दार उघडलं, बॅग आत आली, आणि तिसऱ्या मजल्यावरचा सज्जन माणूस त्या हळुवार, ओल्या आवाजात विचारू लागला, "रात्री झोप लागते का तुम्हाला?"

तिने मान किंचित वाकडी केली. 

"याला सर्दी झालीय का हो?" ती म्हणाली.

"काय?"

"नाकात बोलतोय. औषध देणाऱ्यालाच सर्दी."

डॉक्टरने पहिल्यांदाच पडद्याकडे कान दिला. आवाज खरंच नाकात होता. पण हा आपल्यासारखा नाही का, असं विचारायची सोय नव्हती. आणि स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे कुठल्या माणसाला ठाऊक असतं? त्याने तर ते पेंटरच्या तोंडूनच घेतलं होतं, आणि पेंटर रोज काहीतरी म्हणायचा.

एवढ्यात जाळीचं दार खडखडलं. लिफ्ट खाली आली. टोपी घातलेला एक जाडा, मध्यमवयीन लिफ्टमन स्टुलावर बसला होता. शांतपणे, छातीच्या तळातून तो म्हणाला, "कुणाकडे जायचंय? सकाळी आला होतात ते तुम्हीच ना? मग उतरलात कधी?"

तिने डॉक्टरचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा रुतला.

"हाच," ती म्हणाली. "हाच तो. अगदी तुम्ही."

"हा?"

"शंभर टक्के. डोळे मिटते आणि सांगते." तिने खरोखरच डोळे मिटले. लिफ्टमन पुढच्या माणसाला विचारत होता, परवा बरोबर होत्या त्या बाई कोण, आणि पिशवीत काय आहे. "तुम्हीच. बाई गं. हा तर लिफ्टवाला निघाला."

मागच्या रांगेतून कुणीतरी "शू" केलं.

डॉक्टरचा जीव भांड्यात पडला, आणि पडताना भांडं जरासं वाजलं. बेचाळीस वर्षं आपण खुनी आहोत या धास्तीत काढली, आणि आपण निघालो भोचक लिफ्टवाले. क्षणभर त्याला चक्क अपमान वाटला. अकरा वेळा पिक्चर पाहून त्याने या माणसाकडे एकदाही धड लक्ष दिलं नव्हतं. मग त्याने ते नीट ऐकलं. चांगला आवाज होता. ऐकून कुणाच्याही घरचं कुणीही आठवावं असा.

बायको मात्र कावरीबावरी झाली होती. ती त्याच्या कानाशी आली. "अहो, रागावलात का?"

"मी? कशाला?"

"मी सगळ्यांना सांगत सुटले ना, इन्स्पेक्टरसारखा म्हणून. तुमच्या आईंना सांगितलं होतं. लग्नात सांगितलं होतं. तुम्हाला मनातून किती लाज वाटली असेल. तुम्ही तर पाहिला होता पिक्चर."

"लिफ्टवाल्यात काय वाईट आहे?"

"वाईट नाही हो. पण तुम्ही 'हो' का म्हणालात मग?"

अंधार होता, ते एक बरं झालं. डॉक्टरने मनगटात रुतलेला पट्टा सैल केला. मग म्हणाला, "नाही म्हटलं असतं तर तू बँकवाल्याला हो म्हणाली असतीस."

पडद्यावर तिसरा मुडदा पडला. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. "त्याचा आवाज ऐकला होता का तुम्ही?" ती म्हणाली. "मांजरीवर पाय पडल्यासारखा. मी तसं काही करणार नव्हते."

"हे तेव्हा सांगायचं."

"तुम्हीही तेव्हा सांगायचं."

"शू," मागची रांग म्हणाली.

नंतर काय झालं ते डॉक्टरला नीट सांगता येत नाही, कारण तो झोपला. अंगातली इतक्या वर्षांची दोरी कुणी सोडल्यासारखा तो खुर्चीत पसरला, गुडघा लांब केला, आणि चौथ्या खुनाच्या वेळी, संगीत थांबून सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असताना, त्याचं घोरणं दणदणीत सुरू झालं. खालच्या पट्टीत. दोन-तीन जणांना ते पिक्चरचाच भाग वाटलं. बायकोने कोपराने ढोसलं, ते त्याला कळलंच नाही.

दिवे लागल्यावर तिने त्याला उठवलं. बाहेर ऊन होतं. समोरच्या हॉटेलात दोघं बसले, चहा मागवला. तिचे डोळे चमकत होते, चष्म्याच्या काचेवर बोटं उमटली होती.

"ऐन वेळी झोपलात," ती म्हणाली. "सगळ्यात महत्त्वाचं चुकलं तुमचं."

"मी बघितलाय ना आधी."

"ते केव्हा? चाळीस वर्षांपूर्वी. तुम्हाला काल काय जेवलात ते आठवत नाही. सांगू?"

"सांग."

"तो सर्दीवाला होता ना, बॅगवाला. बघताक्षणीच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. माणूस एवढा गोड बोलतो म्हणजे काय? तर चौथा खून झाला. इन्स्पेक्टर नुसता ओरडतोय इकडून तिकडे. आणि तिकडे तुमचा लिफ्टवाला बसलाय आपला स्टुलावर."

"माझा?"

"तुमचाच. मध्ये बोलू नका. तर तो डॉक्टर बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरला. दोघंच आत."

डॉक्टरने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि खुर्ची पुढे ओढली. यापुढे काय होतं ते त्याला ठाऊक होतं.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय," ती म्हणाली, "दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली."